खाली काय राहिले

ज्याच्या हाती तलवार आहे त्याला काय कापावे याची चिंता पडत असेल, असे बाहेरच्या माणसास वाटत नाही. त्याच्या मनातील तलवार पोवाड्यातून आलेली असते, आणि पोवाड्यात तिच्यापुढे जे जे येते ते कापले जाण्यासाठीच जन्मास आलेले असते. परंतु कोल्हापूरच्या एखाद्या तालमीत चार पावसाळे लाठी, फरी-गदका आणि पट्टा यांची मेहनत करून, धारेच्या शस्त्रास हात लावण्याची मुभा वस्तादांकडून मिळवलेला मनुष्य आपल्या घराच्या परसात, विहीर आणि गोठा यांच्या मधल्या मोकळ्या जागेत, जेव्हा प्रथम एकटा उभा राहतो, तेव्हा त्याच्यापुढे पहिला प्रश्न हाच उभा असतो, आणि बहुधा तो त्याचे उत्तर कुंपणाच्या वाळल्या बांबूत, नाही तर देव्हाऱ्यापुढच्या नारळात शोधतो. जड आणि टणक वस्तू दुभंगली म्हणजे आपला हात तयार झाला, अशी त्याची समजूत असते. ही समजूत दूर करण्यातच वस्तादांची निम्मी हयात खर्ची पडते.

लक्ष्य जितके जड आणि जितके घट्ट रोवलेले, तितके ते वाईट वार सांभाळून घेते. जमिनीत पुरलेल्या ओल्या फांदीवर पाते जरा तिरपे बसले तरी फांदी जागची हलत नाही, मनगटाचा दोष खांद्याच्या जोरात बेमालूम लपून जातो, आणि वार करणाऱ्याच्या पदरी यशाची खोटी सनद पडते. तिची किंमत पुढे पात्याच्या बाकात, धारेला पडलेल्या खांड्यात किंवा कोपराच्या जुनाट दुखण्यात वसूल होते. उलट जे लक्ष्य हलके आहे, नुसतेच ठेवलेले आहे, ज्याला स्वतःच्या वजनाखेरीज दुसरा आधार नाही, ते असल्या वारास मुळीच भीक घालीत नाही. धारेची रेषा आणि हाताच्या गतीची रेषा एकाच पातळीत असली, आणि लक्ष्य ढळण्यापूर्वी पाते त्यातून पार झाले, तरच ते कापले जाते. एरवी ते उडून गोठ्याच्या भिंतीवर आपटते आणि करणाऱ्याची फजिती परसातल्या कोंबड्यांसमक्ष होते. म्हणून हलके लक्ष्य हे नवशिक्यासाठी आणि जड लक्ष्य हे जाणत्यासाठी, ही जी वाटणी लोक करतात ती मला मुळातूनच उलटी वाटते.

आमच्याकडे या कामी सर्वांत जुना आणि सर्वांत प्रामाणिक जिन्नस म्हणजे केळीचा खांब. केळ एकदाच घड देते. घड उतरला की तो बुंधा तोडावाच लागतो, त्यामुळे परसात चार केळी असलेल्या माणसास लक्ष्यासाठी बाजारात जावे लागत नाही. ज्याला आपण केळीचे खोड म्हणतो ते वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने खोड नव्हेच. पानांच्या बुडांची सोपटे एकावर एक घट्ट बसून तो खांब तयार झालेला असतो, प्रत्येक सोपटात हवेच्या लहान लहान कोठड्या असतात, उभे तंतू असतात, आणि बाकी सारे पाणी. या रचनेमुळे पात्याला मांसल प्रतिकार मिळतो, पण कोठेही हाड लागत नाही. तथापि घड दिलेला पूर्ण वाढीचा बुंधा घेऊ नये; तो वितीपेक्षा जाड असतो, त्याचा कमरेएवढा तुकडासुद्धा एकट्याने उचलताना कंबर धरते, आणि कापलेला वरचा भाग कोठे कोसळेल याचा नेम नसतो. त्यापेक्षा केळीच्या बुडाशी फुटलेले मुनवे घ्यावेत. मुख्य झाडाचे पोषण व्हावे म्हणून जास्तीचे मुनवे काढून टाकण्याचा शिरस्ता शेतकऱ्यांत आहेच. त्यांतला मनगटाएवढा, फार तर दंडाएवढा जाड मुनवा निवडून, त्याची पाने छाटून, हातभर लांबीचा तुकडा पांगाऱ्याच्या मऊ ओंडक्यावरच्या लाकडी खुंटीवर बसवावा. खुंटी लाकडाचीच हवी. लोखंडी खिळा अधिक घट्ट बसतो हे खरे, पण वार चार बोटे खाली उतरला की शिकलगाराचे घर गाठावे लागते.

वार झाल्यावर पाहायचे काय, याविषयी आमच्या वस्तादांचे सांगणे थोडक्यात असे: ‘खांब कुठं पडला ते बघू नगंस रं, खाली काय ऱ्हायलंय ते बघ.’ खुंटीवर उरलेल्या बुंध्याचा छेद हा त्या वाराचा पंचनामाच असतो. धार नीट असेल आणि हात सरळ गेला असेल तर छेद खरवसाच्या वडीच्या कडेसारखा नितळ येतो, सोपटांची एकात एक गुंफलेली वलये आणि त्यांतल्या कोठड्यांची जाळी स्वच्छ मोजता येते, आणि पाणी क्षणभराने पाझरू लागते. छेद मध्येच खोलगट झाला असेल तर मनगट वाटेत वळले. पाते जेथून बाहेर पडले त्या बाजूस तंतूंच्या लांब दशा लोंबत असतील तर वाराचा वेग शेवटास मेला. प्रवेशाच्या कडेलाच सोपट चेचून काळसर झाले असेल तर हाताची चौकशी नंतर, आधी धार पाहावी. आणि बुंधा खुंटीवर कलंडलेला असेल तर तो वार नव्हता, धक्का होता. एवढी साक्ष नारळाची करवंटी कधीही देत नाही. ती फुटते किंवा फुटत नाही, यापलीकडे तिच्यापाशी सांगण्यासारखे काही नसते.

केळीच्या खालोखाल मी पाण्याने भरलेल्या प्लॅस्टिकच्या बाटलीस मान देतो, आणि जुन्या मंडळींना हे रुचत नाही याची मला जाणीव आहे. एक लिटरची पातळ बाटली काठोकाठ भरून, झाकण लावून, ओंडक्यावर नुसती उभी करावी. वार उजव्या खांद्यावरून तिरपा, मध्यभागावर. मानेजवळचे आणि बुडाचे प्लॅस्टिक जाड असते, तेथे पाते अडते. वार साधला तर वरचा भाग सरकून जातो आणि खालचा अर्धा, पाण्यासकट, जागच्या जागी उभा राहतो. पाते दोनतीन अंश जरी फिरले तरी बाटली चेंबून दूर भिरकावली जाते. आडवा वार मात्र तिच्यावर आरंभी करू नये, कारण तिरपा वार लक्ष्याला ओंडक्यावर दाबून धरतो आणि आडवा त्याला सरळ ढकलून देतो. आडव्या वाराने उभी बाटली कापून खालचा भाग न हलू देणे हे अनेक वर्षांच्या मेहनतीचे फळ आहे. पाण्याने जमीन निसरडी होते, म्हणून दर चारपाच बाटल्यांनंतर ओंडका कोरड्या जागी हलवावा.

दुधी भोपळा सुतळीने टांगून कापणे पुष्कळांना आवडते. मला त्यात अडचण दिसते ती नैतिक स्वरूपाची; भाजीचा दुधी अंगणात कापून मातीत टाकला तर घरातली वडीलधारी मंडळी जे बोलतात ते योग्यच बोलतात. वेलीवर राहून जून झालेला, बियांनी भरलेला दुधी मात्र कोणाच्याच उपयोगाचा नसतो, तो खुशाल घ्यावा. तांबडा भोपळा घेऊ नये. त्याची साल कठीण, आकार गोल, आणि पाते सालीवरून घसरून कोठे जाईल ते सांगता येत नाही. भिजवलेल्या वर्तमानपत्रांची गुंडाळी स्वस्त पडते, पण तिच्यात टाचणी राहता कामा नये, आणि ती सैल गुंडाळावी, कारण घट्ट गुंडाळलेला ओला कागद लाकडाहून फारसा मऊ नसतो. गुळगुळीत कागदाची मासिके वर्ज्य; त्या कागदावर चिनी मातीचा लेप असतो आणि तो धार खातो. (दिवाळी अंकांचा असाही एक दोष असू शकतो, हे संपादकांनी मनावर घेऊ नये.)

राहता राहिले लिंबू. आमच्या आखाड्यांच्या प्रात्यक्षिकांत पट्ट्याने जमिनीवरचे लिंबू कापण्याचा प्रयोग मानाचा असतो, आणि काही ठिकाणी तेच लिंबू माणसाच्या तळहातावर, नारळ डोक्यावर, केळे पोटावर ठेवून कापतात. लोक टाळ्या वाजवतात. कापणाऱ्याचे कसब मी नाकारीत नाही. पण परसात, एकांतात, सरावाच्या नावाखाली मनुष्यदेहाचा लक्ष्याच्या बैठकीसारखा उपयोग करण्यास माझा साफ मज्जाव आहे, मग तो देह दुसऱ्याचा असो की स्वतःचा. जमिनीवरच्या लिंबालाही मी सराव म्हणत नाही, कारण पाते मुरमात घुसल्याखेरीज तो खेळ शिकता येत नाही. लिंबू दोऱ्याने टांगावे. ते इतके हलके असते की त्याच्यावर जोराचा काहीच उपयोग होत नाही, फक्त धार आणि नेम यांचाच होतो.

या धारेची थोरवी आपल्या लोकांस ठाऊक होती, याची नोंद परक्या माणसाने करून ठेवली आहे. इंग्रजी घोडदळातील कॅप्टन नोलन याने १८५३ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात, निजामाच्या पदरच्या स्वारांच्या तलवारी एवढ्या भयंकर जखमा कशा करतात याची चौकशी केल्याचे सांगितले आहे. ती पाती इंग्रजी फौजेनेच टाकून दिलेली जुनी पाती निघाली. फरक एवढाच होता की त्या स्वारांनी ती वस्तऱ्याइतकी पाजवली होती आणि लाकडी म्यानात ठेवली होती, तर इंग्रज शिपायांचे पाते लोखंडी म्यानात घासून बोथट होत असे. जपानात लक्ष्याचा इतिहास याहून उग्र आहे. एदो काळात नव्या तलवारींची परीक्षा देहदंड झालेल्या गुन्हेगारांच्या प्रेतांवर घेत, यामादा आसाएमोन या नावाने चालत आलेले घराणे ते काम करी, आणि निकाल कधी कधी पात्याच्या मुठीत जाणाऱ्या भागावर कोरून ठेवीत. आज त्याच देशातील अभ्यासक तातामी नावाच्या चटईचे लव्हाळ्याचे आवरण गुंडाळून, पाण्यात भिजवून, खुंटीवर उभे करतात आणि त्यावर हात आजमावतात. आपल्या बाजारातली लव्हाळ्याची जुनी चटई रात्रभर भिजवली तर तेच काम देते, आणि पावसाळ्यात केळी हाताशी नसतील तेव्हा मी तिचा आश्रय घेतो.

लक्ष्याइतकीच तलवारीची झडती घ्यावी. आपल्याकडच्या जुन्या तलवारीचे पाते मुठीत आखूड शेपटाने शिरलेले असते आणि लाख-राळेच्या मिश्रणाने बसवलेले असते. ते मिश्रण वर्षानुवर्षांनी सुकून फुटते, आणि मूठ हातात राहून पाते उडाल्याची उदाहरणे दुर्मीळ नाहीत. मूठ कानाजवळ धरून हलवावी. आतून खुळखुळ ऐकू आली की त्या दिवशीचा सराव संपला. पर्यटनस्थळी मिळणारी शोभेची तलवार भिंतीवरच शोभते, तिने दुधीसुद्धा कापू नये. पट्ट्याचे पाते लवचीक आणि हात खोबळ्यात कोंडलेला, म्हणून परसाच्या अपुऱ्या जागेत तो काढूच नये. हाताची लांबी अधिक पात्याची लांबी, याच्या दुपटीची हद्द चारी बाजूंनी मोकळी असावी; लक्ष्य कमरेच्या वर आणि छातीच्या खाली असावे; उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेकडे उतरणाऱ्या वाराला डावा पाय मागेच असावा, कारण वार साधला की पाते त्याच बाजूस वेगाने उतरते. शस्त्र अधिनियम, १९५९ आणि स्थानिक मनाई हुकूम यांची माहिती ठाण्यावर जाऊन आधी करून घ्यावी, आणि नागडी तलवार घेऊन फाटकाबाहेर पाऊल टाकू नये, मग शेजारी कितीही परिचयाचे असोत.

सराव आटोपल्यावरचे काम कंटाळवाणे आहे, पण ते दुसऱ्यावर सोपवता येत नाही. केळीचा चीक पात्यावर सुकला तर काळे डाग पाडतो, आणि ते शिकलगाराकडूनही पुरते निघत नाहीत. म्हणून पाते आधी ओल्या, मग कोरड्या फडक्याने पाठीकडून पुसावे, तेलाचे बोट फिरवावे आणि तास दोन तास म्यानाबाहेरच ठेवावे. चिकाचे डाग सदऱ्यावरूनही जात नाहीत, त्यासाठी एक जुना सदरा कायमचा बाजूला ठेवणे सोपे. मुनव्यांचे तुकडे आणि जून दुधी गोठ्यात जातात, म्हशी ते आवडीने खातात. प्लॅस्टिकच्या बाटल्यांचे तुकडे मात्र दिवे लागण्यापूर्वी वेचून, मोजून, पोत्यात भरावेत, नाही तर त्यांतला एखादा त्याच वैरणीबरोबर म्हशीच्या पोटात जातो.