नैऋत्य कोपरा

भुसावळच्या घरी वडिलांच्या पिशवीत दोरी, चार खुंट्या आणि आकड्यांचा घडी घातलेला तक्ता असायचा. ते कृषी खात्यात होते. हंगामात पीक कापणी प्रयोगासाठी, म्हणजे शेताचा छोटा तुकडा कापून उत्पन्नाचा अंदाज घ्यायला, गावोगाव फिरायचे. ज्वारीच्या शेताचा नैऋत्य कोपरा गाठायचा, तक्त्यातून दोन आकडे घ्यायचे, तेवढी पावलं लांबीत आणि रुंदीत टाकायची, पाऊल थांबेल तिथे पहिली खुंटी ठोकायची. शेतकरी म्हणायचा, "साहेब, तिथं निसतं तण आहे, इकडून कापा ना." वडील एवढंच म्हणायचे, "आकडा म्हणेल तिथंच, भाऊ."

मी मालवणच्या समुद्रात प्रवाळ मोजतो. १९८७ साली जाहीर झालेलं मालवण सागरी अभयारण्य २९ चौरस किलोमीटरचं. त्यातली प्रत्येक वसाहत मोजणं अशक्य, म्हणून नमुना घ्यायचा. नकाशावर जागा मी घरी बसून संगणकाकडून काढून घेतो. त्या जागी बोट नेली की तांडेल हमखास म्हणतो, "थंय कायच नाय, नुसती रेव आसा. हंय चला, बरी कोरलां आसत." शब्द वेगळे, पण हे मी ज्वारीच्या शेतात ऐकलेलं आहे.

पहिल्या मोसमात मी ऐकलं त्याचं. बोट जिथे नेहमी नांगर टाकते तिथेच उतरलो. फोटो सुंदर आले आणि अहवालात प्रवाळ भरपूर दिसलं. पण ते नांगराच्या जागांचं प्रवाळ होतं, अभयारण्याचं नव्हे. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण भात ढवळलेला असतो. समुद्राचा तळ कुणी ढवळलेला नाही.

आता मी तळाचे थर पाडतो: सिंधुदुर्ग किल्ल्यालगतचा खडक, पर्यटकांच्या बोटींचा भाग, पद्मगडाकडचा भाग. प्रत्येक थरात जागा संगणकाच्या चिठ्ठीने ठरतात. खाली गेल्यावर चौकट ठेवून फोटो काढायचा, मग फोटोवर संगणकाने टाकलेल्या ठिपक्यांखाली काय आहे ते लिहायचं: प्रवाळ, शैवाल, खडक, वाळू. ठिपका वापरतो तो काठाच्या भानगडीमुळे. वसाहत अर्धी चौकटीत, अर्धी बाहेर असली की माणसाचं मन तिला आत ओढतं. साताऱ्याच्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग सुखात्मे यांनी १९४०च्या दशकात पिकांबाबत हेच दाखवलं होतं: कापणीचा प्लॉट फार लहान घेतला की काठावरची रोपं आत धरली जातात आणि उत्पन्न फुगतं.

नवे विद्यार्थी फोटोंच्या संख्येवर भर देतात. १० जागी ५०-५० फोटो, म्हणजे ५०० झाले की! पण एका जागेतले फोटो एकमेकांची भावंडं असतात. ते साम्य (० म्हणजे मुळीच नाही, १ म्हणजे हुबेहूब) ०.२ धरून हिशेब केला, तर त्या ५०० फोटोंचं मोल जेमतेम ४६ स्वतंत्र फोटोंएवढं. तेच ५०० फोटो ५० जागी १०-१० काढले, तर सुमारे १७९. बोटीचं डिझेल जास्त लागतं, ते मला मान्य आहे. तरी पैसा जागा वाढवण्यातच घालावा, असं माझं ठाम मत आहे.

काही जागा मात्र पक्क्या ठेवतो आणि दरवर्षी त्याच महिन्यात त्यांच्यावर उतरतो. पाणी तापून प्रवाळ पांढरं पडलं, तर बदल त्या जागा नेमका सांगतात. महिना तोच हवा. कारण काही महिन्यांत सारगॅसम या शैवालाची दाट झालर आली की खालचं प्रवाळ डोळ्यांना दिसतच नाही.

गेल्या खेपेला एका विद्यार्थिनीने सात फोटो वेगळे काढले. "सर, यात काहीच नाही, पुसू का?" सातही फोटोंत नुसती वाळू, एकात खेकड्याची वाट. मी ते तिच्यासमोर परत यादीत टाकले आणि प्रवाळाच्या रकान्यात शून्य लिहायला लावलं. जे कोणी पाण्याखाली मोजायला उतरतात त्यांना माझी हीच विनंती: वाळूचा फोटो पुसू नका.