जेसीबीचा एक दात आणि पीकविम्याची शेवटची तारीख

परवा रस्त्याच्या कामात जेसीबीनं फायबरची केबल तोडली. सेवा केंद्रात पीकविम्याची रांग, तारीख शेवटची, अन् स्क्रीनवर नुसतं चक्र फिरतंय. एक आजोबा मला म्हणाले, "आरं पत्रकार, आख्ख्या गावाला वायर एकच असती व्हय?" प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून थोडं वाचलं.

मोठ्या नेटवर्कमध्ये आता सेगमेंट राउटिंग वापरतात. समजा, शिरूरहून दौंडला पार्सल पाठवायचंय. पूर्वी ठरावीक मार्ग राखायचा तर वाटेतल्या प्रत्येक नाक्यावर त्याची नोंद ठेवावी लागे. आता निघतानाच पार्सलवर चिठ्ठी लावायची: न्हावरे, पारगावचा पूल, चौफुला, दौंड. नाक्यानं फक्त चिठ्ठी वाचून पुढं ढकलायचं. पूल बंद झाला तर चिठ्ठी बदलायची, एवढंच.

खरी अडचण हद्दीवर. पलीकडच्या नेटवर्कमधल्या गल्ल्या अलीकडच्याला माहीत नसतात. मग पलीकडचे एकच खुणेचा नंबर देतात; सीमेवर तो दिसला की पुढचा सगळा मार्ग तेच लावतात. दौंडकरांना हे समजवायला नको. आपलं स्टेशन सोलापूर विभागात होतं, २०२४ ला पुणे विभागात आलं. प्रवाशाचं तिकीट मात्र तेव्हाही एकच, आजही एकच.

पण मंडळी, चिठ्ठी कितीही हुशार असू द्या, दुसरा रस्ताच नसेल तर ती लिहिणार काय?

भारतनेटमध्ये आधी तालुक्याहून गावाकडं बहुतेक एकेरी केबल गेली. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रानं १,३९,५७९ कोटींच्या सुधारित कार्यक्रमाला मंजुरी दिली. त्यात रिंग आहे: एका बाजूनं तुटलं तर दुसऱ्या बाजूनं नेट चालू. कागदावर झकास! पण दोन्ही बाजू एकाच चरातून किंवा एकाच पुलावरून आल्या, तर जेसीबीचा एकच दात दोन्ही घेऊन जाईल.

म्हणून येत्या ग्रामसभेत एवढंच विचारा: आमच्या रिंगची दुसरी बाजू कुठल्या रस्त्यानं येते? नकाशावर बोट ठेवून दाखवा म्हणा. उत्तर मिळालं की मलाही कळवा.

आजोबांचा फॉर्म रात्री साडेदहाला भरला, एका पोराच्या मोबाईलच्या हॉटस्पॉटवर. दरवेळी असा पोरगा सापडेलच असं नाही.