मालक बदलला, अक्षरे राहिली

१/ बोधचिन्ह बदलले की संस्थाही बदलली, असा आपला समज असतो. दिव्यावरून धावणाऱ्या रेल्वेचा इतिहास या समजाला छेद देतो.

२/ १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली. पुढच्याच वर्षी लोहमार्ग कल्याणला पोहोचला. दिवा याच वाटेवरचे. रेल्वे होती 'ग्रेट इंडियन पेनिन्सुला' या खासगी कंपनीची. लोकांच्या तोंडी ती 'जीआयपी' झाली. बोरीबंदरच्या भव्य स्थानकावर कंपनीने आपली आद्याक्षरे कोरून ठेवली.

३/ १९०० मध्ये सरकारने ही रेल्वे विकत घेतली, पण चालवण्याचे काम कंपनीकडेच ठेवले. १ जुलै १९२५ रोजी कारभारही सरकारकडे आला. मालक गेला, चालकही गेला. 'जीआयपी' ही अक्षरे मात्र तशीच राहिली.

४/ ५ नोव्हेंबर १९५१ रोजी नेमके उलट घडले. जीआयपी, निजाम, शिंदे आणि ढोलपूर या रेल्वे एकत्र करून 'मध्य रेल्वे' स्थापन झाली. जीआयपीपुरते पाहिले, तर मालक पूर्वीप्रमाणे सरकारच होते; नाव आणि चिन्ह तेवढे नवे आले.

५/ २००२ मध्ये भारतीय रेल्वेच्या दीडशेव्या वर्षासाठी अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने 'भोलू' घडवला: गार्डच्या गणवेशातला, हाती हिरवा दिवा घेतलेला हत्ती. तो एका समारंभापुरता होता; पुढच्या वर्षी रेल्वेने त्याला कायमचा शुभंकर केले.

६/ हिरवा दिवा म्हणजे पुढे जाण्याची मुभा. दिवेकरांच्या वाट्याला वर्षानुवर्षे या मुभेची दुसरी बाजू आली: जलद लोकल येथे न थांबताच निघून जात. २ जानेवारी २०१५ रोजी विस्कळीत वाहतुकीने संतापलेले प्रवासी रुळांवर उतरले. डिसेंबर २०१६ पासून जलद लोकल दिव्याला थांबू लागल्या. त्या दिवशी ना चिन्ह बदलले होते, ना मालक.

७/ चिन्हांचा इतिहास लिहिताना म्हणून दोन नोंदी शेजारी-शेजारी ठेवाव्यात. डब्यावर काय रंगवले होते, ही पहिली. तो डबा कोणासाठी थांबत होता, ही दुसरी. पहिली नोंद दप्तरात सापडते. दुसरी फलाटावर उभे असलेल्यांनाच ठाऊक असते आणि ती वेळीच लिहून घेतली नाही तर हरवते.