यादीत नसलेले नाव

परवा नातवाने मोबाइलवर आम्हाला आमचे गाव दाखवले. म्हणजे गावचा समुद्र किंवा माडाच्या वाड्या नव्हेत, गावातल्या शेतकऱ्यांची यादी. हिंदुस्थान सरकारची पंतप्रधान किसान सन्मान निधी ही योजना २०१९ मध्ये सुरू झाली. शेतकरी कुटुंबाला वर्षाला ६,००० रुपये, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांनी, थेट बँकेत जमा होतात. २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने तितकीच आणखी रक्कम देण्याचे ठरवले. राज्य, जिल्हा, तालुका, गाव अशी निवड करत गेले की पैसे घेणारांची नावे कोणालाही वाचता येतात. इथे इस्राएलमध्ये खाटेवर पाय पसरून आम्हीही वाचली.

प्रथम आम्हाला हे रुचले नाही. आमचा जन्म नर्सिंगमध्ये गेला. मुंबईत शिकत असताना एका पेशंटचा केसपेपर टेबलावर उघडा राहिला म्हणून सिस्टरने आम्हाला वॉर्डभर ऐकू जाईल असे झापले होते. दुसऱ्याची अडचण झाकायची, ही सवय तेव्हापासूनची. मग गरिबाच्या दोन हजारांची दवंडी कशाला?

पण हेही खरे की २०२१ मध्ये सरकारनेच लोकसभेत सांगितले, ४२ लाखांवर अपात्र लोकांनी या योजनेचे सुमारे ३ हजार कोटी रुपये उचलले. त्यांत आयकर भरणारे पुष्कळ होते. इंग्लंडचेही तसेच. २००५ मध्ये तिथे शेतीच्या अनुदानाची नावे बाहेर आली, तेव्हा त्यांत राणी निघाली, युवराज चार्ल्स निघाले आणि टेट अँड लाइल ही साखरेची बडी कंपनीही निघाली. लोक समजत होते, पैसा लहान शेतकऱ्याला जातो! पुढे २०१० मध्ये लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाने सरसकट सगळ्या व्यक्तींची नावे छापण्याला हरकत घेतली. तेव्हा नवा नियम झाला की वर्षाला १,२५० युरोपर्यंत घेणाऱ्याचे नाव झाकायचे, त्यावरच्याचे उघड करायचे. आम्हाला हा नियम शहाणपणाचा वाटला. केसपेपर झाकावा, पण औषधाच्या कपाटाचा हिशेब उघडा असावा.

असो. यादी वाचता वाचता आम्ही एक नाव शोधत होतो, ते सापडले नाही. आमच्या सासऱ्यांचे भाताचे शेत आहे, जेमतेम पाऊण एकर. आम्ही इकडे आल्यापासून शेजारचे एक कुटुंब ते कसते, आधी बाप, आता मुलगा. चिखलात गुडघाभर तो उभा राहतो, पण सन्मान निधी सातबाऱ्यावरच्या मालकाला मिळतो, कसणाऱ्याला नाही. आणि त्याच्या नावाचा कागद आमच्या घरात कोणी होऊच दिला नाही. कूळकायद्याने कित्येकांच्या जमिनी कुळांच्या झाल्या, तो धसका सासऱ्यांना जन्मभर होता. "तोंडी असू द्या, लिहू नका," असे ते निघतानाही बजावून आले. आम्हीही तेच पाळले. सरकारच्या यादीत काय लपलेले आहे ते बघायला बसलो, तर लपवणारे आम्हीच!

त्याला फोन केला. "तुझे नाव यादीत नाही रे," असे म्हटले, तर तो हसला.

"काकी, ते मला पहिल्यापासून ठाऊक आहे. तुम्ही कशाला शोधत बसलात? शेत विकायचे तर नाही ना?"

नाही, असे आम्ही लगेच सांगितले. पण सातबाऱ्यावर अजून सासऱ्यांचेच नाव आहे, आणि वारस नऊ. लोदला तिघे, अश्दोदला चौघे, दोघे मुंबईत. या शनिवारी शब्बाथ सुटल्यावर थोरल्या दिरांकडे सगळ्यांना बोलावले आहे. दिरांनी फोनवरच विचारले, "अजेंडा काय?" आम्ही म्हटले, "पाऊण एकर." ते बराच वेळ काही बोलले नाहीत.