प्रसिद्धिपत्रक : शब्दांची पत

एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयाने मोतीबिंदू तपासणीचे विनामूल्य शिबिर आयोजित केले. वाचनालयाचे चिटणीस होते एक सेवानिवृत्त गुरुजी. त्यांनी मोठ्या हौसेने वृत्तपत्राकडे दोन पानी प्रसिद्धिपत्रक पाठवले. आरंभी संस्थेची परंपरा, मग अध्यक्षांची व पाहुण्यांची नावे आणि अगदी शेवटी शिबिराचा दिवस, वेळ व ठिकाण. बातमी छापून आली. तिच्यात पाहुण्यांची नावे होती. शिबिराचा दिवस मात्र नव्हता. डॉक्टर दिवसभर वाट पाहत बसले. ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप होता, त्या वाड्यावस्त्यांवरील वृद्धांना काही कळलेच नाही.

गुरुजी वृत्तपत्राच्या कार्यालयात गेले. उपसंपादक नम्रपणे म्हणाले, “गुरुजी, जागा अपुरी पडली की आम्ही मजकूर शेवटाकडून कापतो. आणि तुमची बातमी तर शेवटच्याच ओळीत होती!”

या उत्तरात प्रसिद्धिपत्रकाच्या लेखनाचे मर्म आहे. कथेतील रहस्य शेवटी उलगडले तरी चालते. बातमीचे सार मात्र पहिल्याच परिच्छेदात यावे लागते. कोण, काय, केव्हा, कुठे, का आणि कसे, या सहा प्रश्नांची उत्तरे आधी द्यावीत, तपशील मागाहून. मजकूर एका पानात मावावा, विशेषणे मोजकी असावीत. खाली माहिती देणाऱ्या व्यक्तीचे नाव व दूरध्वनी क्रमांक असावा. पत्रक हाती दिले काय किंवा ई-मेलने पाठवले काय, ते कार्यक्रमाच्या पुरेसे आधी आणि योग्य वार्ताहराकडे पोहोचले पाहिजे.

रचनेचे हे नियम शिकता येतात. परंतु पत्रकाचे खरे बळ त्याच्या विश्वासार्हतेत असते. अमेरिकेतील आयव्ही ली या प्रसिद्धी सल्लागाराचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. 28 ऑक्टोबर 1906 रोजी अटलांटिक सिटी येथे एक रेल्वेगाडी पुलावरून पाण्यात कोसळली आणि 50 हून अधिक प्रवासी दगावले. अपघात दडवण्याकडेच तेव्हाच्या रेल्वे कंपन्यांचा कल असे. पूर्वी पत्रकार असलेल्या ली यांनी मात्र कंपनीच्या वतीने वस्तुस्थितीचे निवेदन वृत्तपत्रांना दिले आणि वार्ताहरांना घटनास्थळी नेण्याची व्यवस्था केली. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ते निवेदन जसेच्या तसे छापले. आधुनिक प्रसिद्धिपत्रकाचा आरंभ येथूनच झाला, असे मानले जाते.

तेच ली पुढे चुकले. कोलोरॅडोतील कोळसा खाणकामगारांच्या संपात 1914 साली रक्तपात झाला. त्यानंतर खाणमालकांची बाजू मांडणारी पत्रके ली यांनी काढली. त्यांत कामगार नेत्यांच्या मानधनाचे फुगवलेले आकडे होते. हे आकडे आपण पडताळले नव्हते, अशी कबुली त्यांना चौकशी आयोगापुढे द्यावी लागली. सत्य सांगून मिळवलेली पत असत्याने डागाळली, ती कायमचीच.

गुरुजींनी पुढील वर्षी पुन्हा शिबिर घेतले. या वेळी दिवस, वेळ आणि ठिकाण पहिल्या वाक्यात होते. वृद्ध आले, तपासणी झाली. समारोपाचे पत्रक लिहिताना एक उत्साही कार्यकर्ता म्हणाला, “गुरुजी, शेकडो रुग्णांनी लाभ घेतला, असे लिहा ना. कोण मोजायला येणार आहे?”

गुरुजींनी नोंदवही उघडली, नावे मोजली आणि लिहिले, ‘64 रुग्णांची तपासणी करण्यात आली.’

मग ते म्हणाले, “अरे, पुढच्या वर्षीही याच वृत्तपत्राच्या दारात जायचे आहे आपल्याला.”