दोन दारांची गाडी

शनिवार, ६ जानेवारी २०२४

पुतण्या सकाळीच आला. चहा ओतायच्या आत मोबाइल समोर धरला. ऑडी टीटी, २००९ची, दोन दारांची, लाल. मागणी अकरा लाख. "काका, नवी होती तेव्हा हिच्या पैशात कोथरूडला फ्लॅट यायचा." असेल. पण आज गाडी अकरा लाखांवर आली म्हणून तिचा गिअरबॉक्स अकरा लाखांच्या गाडीचा होत नाही. गाडीची किंमत दरवर्षी उतरते, पार्टची दरवर्षी चढते, आणि या दोन्हींच्या मधे सापडतो तो तिसरा मालक.

त्याच्या हातात अठरा लाख आहेत. उरलेल्या सातात नवे अलॉय आणि मोठ्या आवाजाचा सायलेन्सर, असा बेत. म्हटलं, त्या सातांना हात लावू नकोस. ते गाडीचेच आहेत, फक्त तिने अजून मागितलेले नाहीत.

त्याचं दुसरं म्हणणं, ही गुंतवणूक आहे. गेल्या नोव्हेंबरात हंगेरीतल्या ग्योरच्या कारखान्यातून शेवटची टीटी बाहेर पडली, १९९८पासून चाललेलं मॉडेल बंद झालं, आता भाव वाढणार. युरोपात वाढतीलही. आपल्याकडे पंधरा वर्षं झाली की गाडीला आरटीओच्या दारात उभं राहावं लागतं. हौस म्हणून घे, हौसेला हिशोब विचारू नकोस, असं सांगितलं. ते त्याला फार आवडलं नाही.

वहिनींचा संध्याकाळी फोन. "आम्ही कुठे बसायचं त्यात?" मागे दोन सीटा आहेत, पण बसणाऱ्याला पाय घरी ठेवून यावं लागतं. हे मी त्यांना सांगितलं नाही.

मंगळवार, ९ जानेवारी

इंजिन बघायच्या आधी कागद बघायचे. आरसीचा फोटो मागवला. नंबर पीवायने सुरू होतो, म्हणजे पुदुच्चेरी पासिंग. अकरा लाखांचं अर्धं गुपित इथेच उलगडलं. महाराष्ट्रात आयात गाडीला रोड टॅक्स किमतीच्या २० टक्के, तिकडे त्या मानाने किरकोळ. म्हणून समुद्रकिनाऱ्यावरच्या त्या गावात कधी चाकही न फिरवलेल्या महागड्या गाड्या तिथल्या नंबरने पुण्या-मुंबईत फिरतात. आणि टीटी आयातच. आपल्या शेंद्र्याला ऑडी जुळतात, पण ही त्यांतली नाही.

मोटार वाहन कायद्याचं ४७वं कलम सांगतं की परराज्यातली गाडी बारा महिन्यांहून जास्त इथे ठेवली की इथला नंबर घ्यायचा. म्हणजे तिकडची एनओसी, आणि गाडीच्या वयानुसार घटवलेला का होईना, पण इथला टॅक्स. शिवाय २००९ची गाडी म्हणजे यंदा पंधरा वर्षं पुरी. २०२२च्या एप्रिलपासून साध्या कारच्या फेरनोंदणीची फी ५ हजार आहे, आयात कारची ४० हजार. डीलर म्हणाला, "आरटीओचं आमच्यावर सोडा साहेब." त्याला म्हटलं, जे सोडायचं ते आधी किमतीतून सोडा. हसला, पण आकडा काही बोलला नाही.

आरसीवर बँकेचं नावही दिसतंय. कर्ज फिटलं असेल, पण बोजा उतरवलेला नाही. बँकेचा दाखला आणि फॉर्म ३५ हातात पडल्याशिवाय टोकन द्यायचं नाही, हे पुतण्याला दोनदा बजावलं. आगाऊ पैसे गेले की माणसाची नजर अधू होते. मग ओरखडासुद्धा शोभेचा वाटतो.

रविवार, १४ जानेवारी

मुंढव्याला डीलरच्या आवारात गाडी पाहिली. धुऊन पुसून, टायरला काळं पॉलिश करून ठेवलेली. पुतण्याने खिशातून फ्रिजवरचं लोहचुंबक काढलं, बॉनेटला लावलं; पडलं. मडगार्डला लावलं, पडलं. छपरालाही चिकटेना. "काका, सगळी पुट्टी आहे!" डीलरचा मुलगा कसाबसा हसू दाबत होता.

पुट्टी नव्हती. या दुसऱ्या पिढीच्या टीटीची बॉडी पुढून ॲल्युमिनियमची आणि मागून पोलादाची आहे. वजनाने सत्तर टक्क्यांच्या आसपास ॲल्युमिनियम. पोलाद मुख्यतः मागच्या फ्लोअरला, दारांना आणि डिकीच्या झाकणाला. वजन पुढच्या चाकांवर फार येऊ नये म्हणून केलेली ही वाटणी. तेव्हा चुंबक लावायचं ते दारांना. उजव्या दाराला खालच्या बाजूला ते चिकटलं नाही, आणि मग हसायची पाळी आमची. पुट्टी होती, फक्त त्याने शोधली तिथे नव्हती.

जाडी मोजायचा मीटर घ्यायचा तर ॲल्युमिनियमवरही चालणारा घ्यावा; स्वस्तातला फक्त लोखंडावर आकडा दाखवतो. आणि ॲल्युमिनियमला पोचा आला तर गल्लीतला डेंटर नको. लोखंडावर चालवलेल्या हत्यारांनीच त्याने ॲल्युमिनियम घासलं तर लोखंडाचे कण आत बसतात आणि काही महिन्यांनी रंगाखाली फोड येतात. हिच्या डाव्या मडगार्डवर तसे फोड आहेत. बोट फिरवलं की समजतात, फोटोत दिसत नाहीत.

टायरवर शेवटचे चार आकडे वाचले: ३११४. २०१४ सालातला एकतिसावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक, पण रबर दहा वर्षांचं. अठरा इंची, २४५ रुंदीचे चार टायर, तेही माझ्या हिशोबात लिहिले.

सोमवार, १५ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ घेतला, गाडीचा विषय काढायचा नाही असं ठरलं होतं. जेवताना पुतण्यानेच काढला.

शनिवार, २० जानेवारी

भोसरीला मिस्त्रींच्या गॅरेजात. ते फोक्सवॅगन आणि ऑडीचंच काम करतात, बोलतात कमी. डीलर तपासणीला तयार झाला हेच विशेष. जो तयार होत नाही त्याच्याकडची गाडी बघण्यात वेळ घालवू नये.

२००९चं दोन लिटरचं टर्बो इंजिन, २०० अश्वशक्तीचं, बेल्टवालं. त्याचं एक दुखणं ठरलेलं आहे. पेट्रोलचा हाय प्रेशर पंप कॅमशाफ्टवर चालतो, आणि दोघांच्या मधे बोटाच्या पेराएवढी एक धातूची टोपी असते. कॅम फॉलोअर. तो झिजतो. वेळेत बदलला तर पार्ट स्वस्त. झिजून भोक पडलं तर कॅमशाफ्ट आणि पंप दोन्ही जातात. बघायला तीन बोल्ट खोलायचे, बस्स. मिस्त्रींनी खोलून हातावर ठेवला. वरचा काळा थर पूर्ण उडालेला, मधोमध खळगा. "साहेब, अजून चार महिने," एवढंच म्हणाले.

टायमिंग बेल्ट कधी बदलला याचा कागद नाही. तो तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात, म्हणून कागद नाही तर बदलला नाही असंच धरायचं. गिअरबॉक्सचंही तेच. एस-ट्रॉनिकच्या या सहा गिअरच्या पेटीत क्लच तेलात बुडालेले असतात आणि ते तेल फिल्टरसह दर ६० हजार किलोमीटरला बदलावं लागतं. "सीलबंद आहे, काही करावं लागत नाही" असं सांगणारे भेटतात. ऐकायचं आणि गप्प बसायचं.

मग स्कॅनर लावला. मीटरवर ४३ हजार. एका कोपऱ्यातल्या मॉड्यूलमध्ये जुन्या एररची नोंद होती, आणि ती पडली तेव्हाचं रनिंग तिथे लिहिलेलं: ७१ हजार. मीटर मागे फिरवणाऱ्याने बाकी सगळीकडचं पुसलं, हे एक राहिलं. पुतण्या बराच वेळ काही बोलला नाही. परतताना नाशिक फाट्यावर म्हणाला, "पण रंग छान होता."

शुक्रवार, २६ जानेवारी

सुट्टी. त्याने दिल्लीची एक शोधलीय, आणखी स्वस्त. हरित लवादाने दिल्लीत पेट्रोल गाड्यांना पंधरा वर्षांची आणि डिझेलला दहाची मर्यादा घातली, २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. त्यामुळे वय होत आलेल्या गाड्या तिकडून खाली उतरतात. सगळ्याच वाईट नसतात. पण न बघता, न चालवता, फोटोवर? नको म्हटलं. कारण विचारलं नाही त्याने.

शनिवार, ३ फेब्रुवारी

औंधच्या एका डॉक्टरांची. २०१२ची, एमएच-१२, एकच मालक, टॅक्स भरलेला. मागणी साडेपंधरा. आम्ही पोचायच्या आधी इंजिन सुरू करू नका, असं आदल्या रात्रीच कळवलं होतं. गेल्या गेल्या बॉनेटवर तळहात ठेवला, गार. हे इंजिन नंतरचं, २११ अश्वशक्तीचं, बेल्टऐवजी चेनचं, आणि त्याचं दुखणं चेनच्या टेन्शनरचं. थंड इंजिन सुरू करताना पहिले दोन-तीन सेकंद खडखडाट झाला तर हात जोडून निघायचं. झाला नाही. डॉक्टरांनी फाइल उघडली: नव्या धाटणीचा टेन्शनर बसवल्याचं बिल, गिअरबॉक्सच्या तेलाचं बिल, चारही चाकांना ताकद वाटणाऱ्या हाल्डेक्सच्या तेलाचंसुद्धा. ते तेल बदलणारा मालक मला आजवर क्वचितच भेटलाय.

बायपासला चांदणी चौकापर्यंत नेली. रिव्हर्समध्ये धक्का नाही, चढावर रांगताना थरथर नाही. दार उघडलं की बिनचौकटीची काच जराशी खाली सरकते. डाव्या दाराची सरकत नव्हती. दाराच्या कुलपातला छोटा स्विच, मोठं काम नाही, पण भाव करायला चांगलं. पुढचा बंपर खालून घासलेला आहे. पुण्यात स्पीडब्रेकर आहेत तोवर तो घासणारच.

पुतण्याची कुरकुर: ही साडेचार लाखांनी महाग आहे. कागदावर मांडून दाखवलं. लाल गाडीचा टॅक्स, फेरनोंदणी, टायर, बेल्ट, फॉलोअर, पेटीचं तेल, मडगार्ड. फरक कधीच पुसला गेला होता, आणि खोटं मीटर त्यात धरलेलंच नव्हतं.

रविवार, ११ फेब्रुवारी

पावणेपंधरावर जमलं. डॉक्टर म्हणाले, विम्याचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर मिळेल ना याला? नाही, तो माणसाचा असतो, गाडीचा नव्हे. तो तुमच्याकडेच राहील. पुतण्याने पॉलिसी आपल्या नावावर करण्याचा अर्ज चौदा दिवसांत द्यायचा, नाहीतर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या. बाकी ई-चलनं निघाली, सगळी वेगाची. डॉक्टरांनी तिथल्या तिथे भरली.

सव्वातीन लाख शिल्लक आहेत. पुतण्याने हळूच सायलेन्सरची चौकशी केली. आधी चार टायर, म्हटलं, मग बोलू. वहिनी पुढच्या सीटवर बसल्या आणि उतरताना दोन्ही हात धरून काढाव्या लागल्या. "पुन्हा नाही," म्हणाल्या, पण संध्याकाळी शेजारणीला दाखवायला स्वतःच खाली घेऊन गेल्या.