दोन वाचणारे आणि एक गिटार

टेपरेकॉर्डरवर कॅसेट भराभर फिरवली की गाणारा चिमणीसारखा किलबिलायचा. आई-बाबांना विचारा! पण मग गाणंही लवकर संपायचं. सूर चढवायचा आणि लय तीच ठेवायची, हे कसं जमावं?

आमच्या मुक्ताईनगरात भाच्याचा आवाज फुटला, साधारण एक सप्तक खाली आला आणि भजनात त्याने तोंड उघडणंच सोडलं. वरचा सूर गिटारनेच काढावा, म्हणून आम्ही ‘एफव्ही-१’ ही चिप आणली. तिला २८ इवलेसे पाय. डाख द्यायला दोन रविवार गेले!

तिचा स्फटिक घड्याळातलाच बरं का! सेकंदाला ३२,७६८ वेळा ती आवाज मोजून लिहिते आणि दुप्पट वेगाने वाचते. वाचणारा धावत लिहिणाऱ्याला गाठतो, की मागे उडी! तिथे ‘टक्’ होऊ नये म्हणून वाचणारे दोन. एकाचा आवाज मावळतो, तेव्हा दुसऱ्याचा उगवतो. सूर जरासा थरथरतो खरा, पण मला तो आवडतो.

एकादशीला गिटार वरच्या सप्तकात वाजली. आणि खालच्या सप्तकात भाचा गात होता, चक्क तोंड उघडून!